आजचं चिंतन : "कसं काय?" "एकदम मस्त!"



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५. १४ ते १६ या तीन श्लोकांत शरीराचं, वाणीचं आणि मनाचं तप सांगितलंय. आज वाणीचं पाहू. बोलणं कुणाला न दुखावणारं, खरं, प्रिय आणि हिताचं असावं, आणि जोडीला स्वाध्याय असावा, असं भगवान सांगतात.

मला हा श्लोक ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी कळला.

गेल्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. ते नागपूरला ॲडमिट, मी पुण्यात लॅपटॉपसमोर. शेजारच्या डेस्कवरचा मित्र रोज विचारायचा, "कसं काय?" मी रोज म्हणायचो, "एकदम मस्त!" तीन आठवड्यांनी त्याला खरं कळलं. तो एवढंच म्हणाला, "अरे, मी रोज विचारत होतो ना?" त्याच्या वडिलांचंही दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. माझ्या 'मस्त'ने कुणी दुखावलं जाऊ नये, असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी त्याच्यासाठी दारच बंद केलं होतं.

सुट्टीत वणीला गेलो तेव्हा हे बाबांना सांगितलं. आमच्या वणीत माणूस भेटला की कुणी राम राम म्हणतो, कुणी जय गुरू, कुणी जय भीम, जय सेवा, सलाम. पण पुढचा प्रश्न सगळ्यांचा एकच : "काय गा, बरं हाय ना?"

बाबा कोळसा खाणीत होते. म्हणाले, "पाळीवर उतरायच्या आधी आमी हेच इचारत होतो. पण उत्तर आयकाच्या आधी तोंड पाहत होतो. ज्याची झोप झाली नाही, घरी भांडण झालं, त्याचं छताकडं ध्यान राहत नाही. मग त्याले एकटं सोडत नव्हतो."

म्हणजे आपण ज्याला टाइमपास म्हणतो, तो प्रश्न तिथे जिवाच्या काळजीचा होता.

मग आपण उत्तर काय द्यायचं? लिफ्टमध्ये सगळी रडकथा सांगायची? नाही. श्लोकातल्या अटी एकत्र पाळायच्या आहेत. नुसतं खरं बोलून समोरच्याला ओझं द्यायचं नाही, आणि नुसतं प्रिय बोलून खोटंही सांगायचं नाही. मी आता असं म्हणतो : "बाबांची तब्येत जरा नरम आहे, पण निभतंय. विचारलंस, बरं वाटलं. दुपारी चहाला बोलू." पाच सेकंद लागतात. रोजच्या साध्या दिवशी "बरं चाललंय" पुरेसं आहे, कारण तेही खरंच असतं.

विचारणाऱ्यालाही हे तप लागू आहे. चालता चालता "कसा आहेस?" फेकून पुढे गेलो, तर आपल्या प्रश्नात तरी सत्य कुठे होतं?

आजचं आचरण :
१. आज एकाला "कसं काय?" विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मोबाईल खिशात.
२. तुम्हाला कुणी विचारलं, तर 'मस्त' म्हणण्याआधी एक श्वास घ्या. खरंच मस्त असेल तर खुशाल म्हणा!
३. रात्री आठवा : आज कुणाचं "ठीक आहे" ठीक वाटलं नाही? त्याला फोन करा.

मी आज बाबांना करणार आहे. ते "बरं हाय" म्हणतील. या वेळी नीट ऐकेन.

जय गुरू!