एकोणिसावा धावपटू

वाचन : २ तीमथ्य ४:७, ८

१९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत ते एकोणिसावे आले. पदक मिळाले नाही. तरी ऑलिंपिकची मॅरेथॉन पुरी करणारे पहिले भारतीय म्हणून शंभर वर्षांनंतरही त्यांचे नाव घेतले जाते.

पौलाच्या काळी करिंथजवळच्या खेळांत मुकुट फक्त पहिल्याला मिळे. तोही पानांचा, सुकून जाणारा. आयुष्याची शर्यत संपवताना मात्र पौल लिहितो की, नीतिमत्त्वाचा मुकुट केवळ आपल्यालाच नव्हे, तर प्रभूच्या येण्याची आवड धरणाऱ्या सर्वांना मिळणार आहे.

शिक्षकहो, शब्बाथ शाळेत पाठांतराचे बक्षीस आपण पहिल्याला देतो. एकोणिसाव्या मुलाला आपण काय सांगतो?