हापशावर नजर, मोटरीकडे पाठ

पश्चिम बंगालच्या नदिया आणि उत्तर चोवीस परगण्यात उन्हाळी धानाला ‘बोरो’ म्हणतात. उथळ बोअरच्या पाण्यावर हे पीक फोफावलं. 1983 च्या सुमारास कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी रुग्णांच्या अंगावरचे डाग आणि तळहातांवरच्या गाठी पाहून कारण ओळखलं: भूजलातलं आर्सेनिक. पुढे पिण्याच्या पाण्यासाठी फिल्टर आले. मात्र तेच पाणी मोटरीने शेतात जात राहिलं आणि त्याची विचारपूस फार उशिरा झाली.

म्हणून पोळलेल्या या मुलखाचं पहिलं सांगणं म्हणजे शेतातल्या बोअरचंही पाणी तपासा.

दुसरं सांगणं पचायला जड आहे, कारण खाचरात सतत पाणी उभं ठेवण्याची सवय पिढ्यांची. पाणी तुंबलं की मातीतला प्राणवायू संपतो. लोहाच्या गंजाला चिकटलेलं आर्सेनिक मोकळं होतं आणि मुळं ते सिलिकॉनच्या वाटेनेच आत घेतात. भाताला सिलिकॉन भरपूर लागतं, म्हणून गव्हापेक्षा त्याच्यात हे विष अधिक शिरतं. यावर उपाय पाळीपाळीने ओलं-कोरडं करण्याचा. खाचरात छिद्रं पाडलेला पाइप पुरायचा, पाणी जमिनीखाली 15 सेंटीमीटर उतरलं की पुन्हा भरायचं. फुलोऱ्यात मात्र पाणी तोडायचं नाही. डिझेलही वाचतं, हे शेतकऱ्याला आर्सेनिकपेक्षा लवकर पटावं! पण अति कोरडं ठेवलं तर दाण्यात कॅडमियम वाढू शकतं. त्यामुळे जमिनीत ते किती आहे हेही पाहावं.

वाणांतही फरक असतो. चुंचुडाचं भात संशोधन केंद्र आणि लखनौची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था यांनी मिळून दाण्यात कमी आर्सेनिक घेणारा ‘मुक्तश्री’ तयार केला. पेंढ्यात तर दाण्याहून जास्त आर्सेनिक असतं; गोठ्यात टाकताना हे ध्यानात ठेवावं.

स्वयंपाकघरात जुनी रीत कामी येते. तांदूळ नीट धुऊन सहापट पाण्यात शिजवायचा आणि कोकणात वेळतात तसा वेळून पेज टाकून द्यायची. बरंचसं आर्सेनिक तिच्याबरोबर जातं. शिजवायचं पाणी मात्र स्वच्छ हवं, नाहीतर भात उलट तेच शोषतो. कोंड्यात आर्सेनिक जास्त साठतं. आंतरराष्ट्रीय अन्नमानकात पॉलिश तांदळाला असेंद्रिय आर्सेनिकाची मर्यादा किलोला 0.2 मिलिग्रॅम, तर बिनपॉलिशच्या तांदळाला 0.35 आहे. पौष्टिक म्हणून हातसडीचा तांदूळ घेणाऱ्याने तो कुठल्या पाण्यावर पिकला, हे दुकानदाराला जरूर विचारावं.