जळणाची खरी किंमत

आमचे अनेक माजी विद्यार्थी आज रांजणगाव व सणसवाडीच्या कारखान्यांत काम करतात. काही पालकांचा ऊस दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांवर जातो. दोन्हीकडे भट्टी आहे आणि दोन्हीकडे प्रश्न एकच : कोणते जळण स्वस्त? त्याचे उत्तर किलोच्या भावात नसून उष्णतेच्या भावात आहे, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

एक किलो देशी कोळसा सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता देतो. फर्नेस ऑइल सुमारे १०,०००. समजा, कोळसा ८ रुपये व तेल ५० रुपये किलो आहे. तर हजार किलोकॅलरीस कोळशाचे २ रुपये पडतात, तेलाचे ५. मात्र कोळशाच्या भट्टीत बरीच उष्णता धुराड्यावाटे व राखेत वाया जाते; तेलाची वा वायूची ज्योत हवी तेवढी कमी-अधिक करता येते. हा अपव्यय धरल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.

आता उत्सर्जन पाहू. हजार किलोकॅलरीमागे कार्बन डायऑक्साइड कोळशातून सुमारे ४०० ग्रॅम, फर्नेस ऑइलमधून ३२५ आणि नैसर्गिक वायूतून २३५ ग्रॅम निघतो. शिवाय कोळशाची राख व धूलिकण, तेलातील गंधकाचे वायू. प्रदूषणाच्या कारणास्तव २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश, हरियाणा व राजस्थानात फर्नेस ऑइल व पेटकोक यांच्या वापरावर बंदी घातली.

गुऱ्हाळाला वाळलेले चिपाड उत्तम. त्यातून निघालेला कार्बन पुढचे पीक पुन्हा शोषून घेते. ओले चिपाड मात्र जेमतेम निम्मी उष्णता देते आणि धूर अधिक करते. चिपाड कमी पडले म्हणून चुलाणात प्लॅस्टिक वा टायर जाळणे फुकटाचे वाटते. पण त्यातून डायॉक्सिनसारखी विषे हवेत जातात. त्यांची किंमत चुलाणात जळण घालणारा मजूर आपल्या फुप्फुसांनी चुकवितो.

इतिहासात याचा धडा आहे. मजूरमंत्री या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणींत स्वतः उतरले. १९४४ साली कोळशावर उपकर बसवून खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभारण्यात आला. जळणाच्या किमतीत श्रमिकाच्या आरोग्याचा वाटा असलाच पाहिजे, हे तत्त्व त्यातून कायद्यात आले.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी जळण निवडताना तीन आकडे मागावेत : उष्णतेचा भाव, भट्टीतील अपव्यय आणि धुरात काय जाते. भट्टीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस बहुधा आपल्याच घरचा असतो.