रस्त्यावरील खाद्यविक्री आणि विक्री प्रमाणपत्र

चहाची किटली, पोह्यांची परात आणि गिऱ्हाइकांसाठी टाकलेले एक बाकडे, एवढ्या भांडवलावर अनेक कुटुंबांची गुजराण होते. परंतु ज्या पदपथावर हे बाकडे असते, त्याच पदपथावरून शाळकरी मुले व वृद्ध यांनाही जावयाचे असते. एकाची भाकरी आणि दुसऱ्याची वाट यांची सांगड घालण्यासाठी संसदेने पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ संमत केला. तो दिनांक १ मे २०१४ पासून अमलात आला.

या अधिनियमानुसार दर पाच वर्षांतून किमान एकदा पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण होणे आवश्यक आहे. ते नगर पथविक्रेता समिती करते. महानगरपालिकेत आयुक्त व नगरपरिषदेत मुख्याधिकारी हे समितीचे अध्यक्ष असतात. समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात व त्यांतील एक तृतीयांश महिला असतात.

सर्वेक्षणात नोंद झालेल्या, १४ वर्षे पूर्ण केलेल्या विक्रेत्यास विक्री प्रमाणपत्र मिळते. दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळात नव्याने व्यवसाय करू इच्छिणाऱ्यासही अर्ज करता येतो. व्यवसाय स्वतः किंवा कुटुंबीयामार्फत करीन, उपजीविकेचे अन्य साधन नाही आणि प्रमाणपत्र कोणासही भाड्याने अथवा हस्तांतरित करणार नाही, असे हमीपत्र द्यावे लागते. अर्ज नामंजूर झाल्यास स्थानिक प्राधिकरणाकडे अपील करता येते.

सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विद्यमान विक्रेत्यास हटविता येत नाही. पुढे स्थलांतर करावयाचे झाल्यास ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. जप्त केलेल्या मालाची यादी देणे बंधनकारक असून, विक्रेत्याने मागणी करून शुल्क भरल्यास नाशवंत माल त्याच दिवशी परत करावयाचा असतो.

मात्र प्रमाणपत्राने जागेची मालकी मिळत नाही. नेमून दिलेल्या जागेबाहेर बाकडे सरकविणे हा अटींचा भंग ठरतो. परिसराची स्वच्छता राखणे हेही विक्रेत्याचे कर्तव्य होय.

खेड्यातून पहाटे निघून शहरात झुणका-भाकर विकणाऱ्या भगिनीस हे नियम कोण समजावून देणार? पंचायत सदस्यांनी तिला सर्वेक्षणाची माहिती वेळेवर द्यावी व शिक्षकांनी अर्ज भरण्यास साहाय्य करावे. सर्वेक्षणात तिचे नाव राहून गेले, तर कायद्याचे संरक्षण तिच्यापर्यंत पोहोचणे कठीण होईल.