वियोगाच्या घरातील चूल, पुस्तक आणि हसू



बीड शहरातील एका भगिनीने विचारलेला प्रश्न या वेळच्या पाठाचे निमित्त आहे. त्या म्हणाल्या, “मौलाना, अब्बांना जाऊन दोन महिने झाले. बाजारात बालाघाटच्या डोंगरातले सीताफळ आले आहे. दरवर्षी अब्बाच टोपली आणीत. यंदा अम्मी म्हणतात, घरात आणू नका. धाकट्या भावाने मोबाईलवर चित्रपट पाहिला म्हणून फुफूंनी त्याला फार बोल लावले. आणि मी स्वतः एका रात्री गोष्टींचे पुस्तक वाचताना हसले. मग मला माझीच लाज वाटली. हे पाप आहे का?”

हा प्रश्न एकाच घराचा नाही. मातापित्यांपैकी एकाचे छत्र हरपलेल्या प्रत्येक घरात तो कधी ना कधी उभा राहतो, फक्त विचारला जात नाही. म्हणून आपण त्याकडे सावकाश पाहू.

प्रथम दोन शब्द वेगळे करावे लागतील: दुःख आणि सोग. दुःख अंतःकरणात असते. त्याला शरीअतने मुदत घातलेली नाही. हजरत याकूब (अलै.) आपल्या पुत्राच्या वियोगात इतके झुरले की त्यांचे डोळे पांढरे पडले, असे कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये आले आहे, तरीही आपला सब्र सुंदर असेल, असेच ते म्हणाले. हिजरी सन 10 मध्ये प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचे तान्हे पुत्र इब्राहीम (रजि.) वारले, तेव्हा प्रेषितांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले आणि त्यांनी अश्रूंना करुणा म्हटले. सोग मात्र बाहेरची गोष्ट आहे. शृंगार, सुगंध, चांगले वस्त्र यांचा मृत्यूनिमित्त त्याग करणे म्हणजे सोग. त्याला मुदत आहे.

या मुदतीचा सर्वांत स्पष्ट दाखला पित्याच्या मृत्यूचाच आहे. हजरत उम्मे हबीबा (रजि.) या प्रेषितांच्या पत्नी आणि अबू सुफियान (रजि.) यांच्या कन्या. या पितापुत्रीमध्ये इस्लामविषयी कित्येक वर्षे दरी होती. मुलगी हबशाला हिजरत करून गेली आणि पिता मक्केच्या विरोधकांचा सरदार राहिला. मक्काविजयाच्या वेळी पित्यानेही इस्लाम स्वीकारला. पुढे त्यांचे निधन झाले, तेव्हा उम्मे हबीबा (रजि.) यांनी काय केले, हे हजरत जैनब बिन्ते अबी सलमा (रजि.) यांनी प्रत्यक्ष पाहून सांगितले आहे. त्यांनी पिवळसर सुगंधी द्रव्य मागविले, आधी एका मुलीला लावले आणि मग स्वतःच्या गालांवरून हात फिरविला. त्यानंतर त्या म्हणाल्या की मला सुगंधाची काही गरज नव्हती. परंतु पतीखेरीज कोणत्याही मृतासाठी तीन दिवसांपेक्षा अधिक सोग करणे ईमानधारक स्त्रीला योग्य नाही आणि पतीसाठी ही मुदत चार महिने दहा दिवस आहे, असे मी प्रेषितांकडून ऐकले आहे. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

‘मला गरज नव्हती’ हे त्यांचे म्हणणे पुन्हा एकदा वाचा. त्यांचे मन हलके झाले म्हणून त्यांनी सुगंध लावला नाही. मन अजून जड होते, आणि तरीही हात कुपीकडे गेला. आपण समजतो की आधी दुःख संपावे, मग सुगंधाची, गोडधोडाची, हसण्याची पाळी यावी. येथे क्रम उलटा आहे. दुःख आत राहिले आणि सोग मुदतीवर उठला. शिवाय तीन दिवस ही सुद्धा सवलत आहे, कर्तव्य नव्हे. जो दुसऱ्याच दिवशी चांगले कपडे घालून कामावर गेला, त्याने पित्याचा अपमान केला असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या कुटुंबांना तर हे सांगावेही लागत नाही. मुकादमाची उचल घेतलेला मुलगा पित्याला मातीआड करून चौथ्या दिवशी कोयता घेऊन फडात उभा असतो. त्याच्या दुःखाची मोजणी कोण करणार?

आता स्वयंपाकाकडे येऊ. मयतीच्या घरी तीन दिवस चूल पेटू नये, असे आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी मानतात. शेजारी-नातलगांनी जेवण पाठवावे ही सुन्नत आहे, यात शंका नाही. हिजरी सन 8 मध्ये मूता येथे हजरत जाफर (रजि.) शहीद झाल्याची वार्ता आली, तेव्हा जाफरच्या घरी जेवण करून पाठवा, त्यांच्यावर असा प्रसंग आला आहे की त्यांना दुसरे काही सुचणार नाही, अशा आशयाची आज्ञा प्रेषितांनी दिली. परंतु घरच्यांनी चूल पेटवूच नये, असा नियम यातून निघत नाही. उलट हजरत आयशा (रजि.) यांची रीत पाहा. त्यांच्या नात्यात कोणाचे निधन झाले की स्त्रिया जमत आणि नंतर पांगत. घरच्या आणि अगदी जवळच्या तेवढ्या राहत. मग त्या तलबीना शिजवायला सांगत. तलबीना म्हणजे जवाच्या पिठाची पातळ पेज. ती सरीदवर ओतली जाई. आपण भाकरी कुस्करून रश्शात घालतो, तसाच हा पदार्थ. आणि त्या म्हणत की खा, तलबीना रुग्णाच्या मनाला आराम देते आणि दुःखाचा काही भाग दूर करते, असे मी प्रेषितांकडून ऐकले आहे.

‘काही भाग’ हे शब्द मला फार प्रामाणिक वाटतात. वाटीभर पेजेने सगळे दुःख जाईल, असा दावा नाही. पण ऊन, मऊ, पोटात उतरणारे अन्न शोकाचा थोडा भार उचलते, हे मान्य केले आहे. ज्या मुलीला आईच्या हातची दाळ स्वतः करून पाहावीशी वाटते, ती करताना फोडणीच्या वासाने रडू येते, आणि तरी ती चवीने खाते, तिने या रीतीच्या विरुद्ध काहीही केलेले नाही.

येथे थोडे कडू बोलावे लागेल. ज्या घरात मुलीने हसून खाल्ले तर डोळे वटारले जातात, त्याच घरात जियारत आणि चाळीसाव्याला बिर्याणीच्या देगा उतरतात आणि सगळी वस्ती पोटभर जेवून जाते. मृताच्या घरी जमणे आणि दफनानंतर त्या घरच्यांनी जेवण घालणे, याला आम्ही विलापाचाच प्रकार समजत असू, असे हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी सांगितले आहे. हनफी फुकहांनीही मयतीच्या घरच्या मेजवानीला नापसंत ठरविले, कारण मेजवानी आनंदाच्या प्रसंगी असते. उचलीचा पैसा देगीत जातो आणि अनाथ मुलांच्या वाट्याला कर्ज येते, हे मी पाहिले आहे. ज्या आनंदावर शरीअतने बोट ठेवले नाही त्यावर आपण बोट ठेवतो, आणि जेथे ठेवले तेथे पंगतीला बसतो.

चित्रपटाविषयी आपण माझ्याकडून सरळ उत्तराची अपेक्षा कराल. ते असे: मृत्यूमुळे हराम हलाल होत नाही आणि हलाल हरामही होत नाही. ज्या दृश्यात निर्लज्जता आहे, ते पिता जिवंत असतानाही पाहण्याजोगे नव्हते. त्याचा पश्चात्ताप करायचा तर अल्लाहपुढे करावा, अब्बांच्या नावाने नव्हे. आणि ज्यात तसे काही नाही, ते तीन दिवसांनंतर पाहणाऱ्या मुलाला ‘तुला बापाचे काही वाटत नाही’ असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. बारा-तेरा वर्षांचे मूल दुःखात सलग राहू शकत नाही, ते येते-जाते. हजरत जाफर (रजि.) यांच्या घरी प्रेषितांनी तीन दिवस जाऊ दिले. मग स्वतः जाऊन रडण्याचा तो काळ संपविला, मुलांना जवळ बोलाविले आणि न्हावी बोलावून त्यांचे केस काढविले. पोरक्या मुलांसाठी केलेले हे काम किती साधे आहे! रात्ररात्र मोबाईलमध्ये डोके घालून फज्र घालविणे ही निराळी बाब. तेथे मुलाला रागावू नका, त्याच्याजवळ जाऊन बसा.

पुस्तक वाचताना हसलेल्या भगिनीला मी स्वतःची गोष्ट सांगितली. अब्बा गेले तेव्हा मी मराठी घेऊन बी. ए. करीत होतो. कित्येक आठवडे कथेचे पान उघडवेना. मग एका दुपारी उघडले, एका वाक्यावर खळखळून हसलो, आणि लगेच दाराकडे पाहिले, कोणी ऐकले तर नाही ना! पुढे सहीह मुस्लिममधील हजरत हंजला (रजि.) यांची हदीस शिकविताना ती दुपार आठवली. प्रेषितांच्या सान्निध्यात असताना मन एका अवस्थेत असते आणि बायकामुलांत, शेतीवाडीत गेलो की ते विसरते, म्हणून आपण दांभिक झालो, असे हंजला (रजि.) यांना वाटले होते. प्रेषितांनी त्यांना समजाविले की एक वेळ अशी असते, एक वेळ तशी.

हजरत जाबिर (रजि.) यांचे पिता उहुदमध्ये, हिजरी सन 3 मध्ये शहीद झाले. जाबिर (रजि.) चेहऱ्यावरचे वस्त्र दूर करून रडू लागले, लोकांनी अडविले, प्रेषितांनी अडविले नाही. मागे कर्ज होते आणि बहिणी होत्या. पुढे जाबिर (रजि.) यांनी एका विधवेशी विवाह केल्याचे कळताच प्रेषितांनी विचारले की कुमारिकेशी का केला नाहीस, तुम्ही एकमेकांशी खेळला असता, हसला असता. जाबिर (रजि.) म्हणाले की बहिणींची वेणीफणी करील, त्यांची काळजी घेईल अशी स्त्री घरात हवी होती. प्रेषितांनी त्यांचे कौतुक केले. पण शहीद पित्याच्या मुलाला त्यांनी आधी हसण्याविषयीच विचारले, हे लक्षात घ्यावे.

राहिले सीताफळ. हजरत इब्ने उमर (रजि.) यांना मक्केच्या वाटेवर एक ग्रामीण मनुष्य भेटला. त्याचे वडील हजरत उमर (रजि.) यांचे स्नेही होते. इब्ने उमर (रजि.) यांनी त्याला स्वारीचे गाढव दिले आणि डोक्यावरची पगडीही दिली, कारण पित्याच्या स्नेह्यांशी संबंध राखणे ही मोठी पितृसेवा आहे, असे त्यांनी प्रेषितांकडून ऐकले होते. त्या भगिनीला मी विचारले, अब्बा टोपली घेऊन येताना वाटेत कोणाला फळे देत असत का? होय, म्हणाल्या, चहाच्या दुकानावर बसणाऱ्या एका जुन्या मित्राला. मग यंदा ती फळे आपल्या भावाच्या हाती पाठवा, आणि उरलेली घरी आणा, असे सुचविले. त्यांच्या अम्मी इद्दतीत आहेत. इद्दतीत शृंगार, सुगंध आणि विनाकारण घराबाहेर जाणे वर्ज्य आहे. फळ खाण्यास मनाई नाही, हेही अम्मींना कळवा, असे सांगितले.