हौदात काय भरू नये

सदाशिव पेठ, पुणे

चि. भाचेबाई,


तुझं अ‍ॅप्लिकेशन लाइव्ह जातंय आणि त्याच्यापुढे तू वार्निश हा कॅश लावते आहेस, असं ताईकडून कळलं. बरं वाटलं, थोडी धास्तीही वाटली.

लहानपणी तुला कात्रजचा तलाव दाखवला होता, आठवतं? अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी तिथलं पाणी भुयारी नळातून पुण्यात आणलं, पेठांत हौद बांधले. घागर भरायला कुणाला कात्रज गाठावं लागेना. तुझा सर्व्हर म्हणजे तो तलाव आणि वार्निश म्हणजे हौद. पण हौदातलं पाणी सगळ्यांना एकच. तुझी पानं तशी नाहीत.

वार्निश २००६ साली आलं तेच मुळी नॉर्वेतल्या एका वृत्तपत्रासाठी. वृत्तपत्राचं पहिलं पान सगळ्यांना सारखंच. 'माझी ऑर्डर' हे पान मात्र ज्याचं त्याचं. म्हणून मागणीत कुकी दिसली की वार्निश साठ्याला हात न लावता सर्व्हरला विचारतं. मला ही सावधगिरी जाचक वाटली होती. एका गिऱ्हाइकाच्या साइटवर 'कुकी असली तरी साठव' असा नियम रात्री घातला आणि घरी येऊन झोपलो. लोड झपकन उतरला होता. सकाळी फोन आला : "लॉगिन मी केलंय, पत्ता दुसऱ्याच बाईंचा दिसतोय!" चूक सर्वस्वी माझी.

तेव्हा काय साठवायचं नाही, ते आधी ठरव. लॉगिननंतरच्या प्रत्येक पानाबरोबर अ‍ॅप्लिकेशननेच 'कॅश-कंट्रोल : प्रायव्हेट, नो-स्टोअर' हा हेडर पाठवू दे, आणि त्याला डावलणारा नियम लिहू नकोस. चित्रं, सीएसएस खुशाल साठव. अ‍ॅप्लिकेशनचा पोर्ट १२७.०.०.१ वरच ठेव, नाहीतर लोक हौद सोडून थेट तलावात उतरतील.

मग दोन ब्राउझरमधून दोन वेगळ्या नावांनी लॉगिन करून तेच पान उघड. लॉगिनची कुकी देऊन कर्लही मारून बघ. खासगी पानाच्या उत्तरात 'एज' हा हेडर दर वेळी ० यायला हवा. तो आकडा चढताना दिसला, तर पान हौदात पडलं म्हणून समज.

आणि हो, शुक्रवारी संध्याकाळी लाइव्ह करू नकोस. शनिवारी फोन उचलायला तू एकटीच असशील.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा