‘समाधानकारक’ या शेऱ्याविषयी

पाटबंधारे खात्यात उभी हयात घालविलेल्या माणसास पाणी कळते, असा समज त्याच्या आप्तेष्टांचा असतो आणि कालांतराने तो त्याचा स्वतःचाही होऊन बसतो. आमच्या जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव आला तेव्हा त्यातील पर्यावरणविषयक प्रकरण तपासण्याचे काम सभासदांनी माझ्याकडे सोपविले, आणि मी ते आनंदाने पत्करले, याच्या मुळाशी हाच समज होता. २०२१ च्या मार्च महिन्यात मी त्या प्रकरणाखाली ‘उपाय समाधानकारक’ असा शेरा मारून सही केली. तो शेरा चुकला. आणि चुकला तो नेमका पाण्याच्याच बाबतीत.

आमची वसाहत विश्वामित्रीपासून हाकेच्या अंतरावर आहे. पावागडच्या डोंगरात उगम पावून, वडोदऱ्याच्या ऐन मध्यातून कामाटीबागेला वळणे देत वाहणारी, आणि पुढे ढाढरेत मिसळून खंभातच्या आखाताकडे जाणारी ही नदी वर्षातील आठ महिने इतकी क्षीण असते, की तिच्या काठी पहुडलेल्या मगरी नसत्या तर पुलावरून जाणाऱ्याने तिच्याकडे मान वळवूनही पाहिले नसते. तिच्या दोन्ही अंगांना पावसाच्या पाण्याने कोरलेल्या घळी आहेत. त्यांना येथील लोक, मराठी असोत वा गुजराती, ‘कोतर’ म्हणतात. असेच एक कोतर आमच्या कुंपणामागे होते. त्यात बाभळी माजलेल्या, वरून वस्तीचा कचरा. त्यामुळे ती जागा म्हणजे आमच्या नाकाला व नजरेला होणारा एक उपद्रव, यापलीकडे तिची किंमत आम्ही कधी केली नव्हती.

प्रस्तावात हानी-निवारणाचे उपाय क्रमवार मांडलेले होते. अठरा झाडे तोडावी लागणार, त्यांच्या बदली नव्वद रोपे; धुळीसाठी हिरवे पडदे; पावसाच्या पाण्यासाठी पन्नास हजार लिटरची टाकी व दोन पुनर्भरण-कूपनलिका; आणि शेवटी एका ओळीत, ‘मागील खोलगट भाग समतल करून उद्यान’. झाडे मी स्वतः हिंडून मोजली, आकड्यांची रुजवात घातली, टाकीची लांबी-रुंदी पडताळली. परंतु त्या शेवटच्या ओळीपाशी माझी लेखणी क्षणभरही थबकली नाही. महिना मार्चचा होता आणि कोतर कोरडे ठणठणीत होते.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीची पातळी पस्तीस फुटांच्याही वर गेली, शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, आणि वनखात्याच्या लोकांना घरांच्या आवारांतून मगरी धरून न्याव्या लागल्या. आमची नवी इमारत भराव घालून उंच केलेल्या जोत्यावर असल्यामुळे आम्ही कोरडे राहिलो. पूर आमच्या कोतरामुळे आला असे मी म्हणणार नाही. तो फार वरून आला होता. परंतु नदी उतरल्यावरही समोरच्या बैठ्या घरांतले पाणी हलेना. माझ्या आईच्या मैत्रीण असलेल्या तेथल्या काकूंनी गुडघाभर पाण्यात उभे राहून मला विचारले, “अरे, दर वेळी पाणी मागच्या कोतरातून जायचं. या वेळी कुठून जाणार?” त्या प्रश्नास माझ्या दप्तरात उत्तर नव्हते.

जो हिशेब मी आधी करावयास हवा होता, तो त्या रात्री केला. चौरस मीटरांना पावसाच्या मिलिमीटरांनी गुणले की लिटर मिळतात, इतका तो सोपा आहे. वडोदऱ्यात ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस पडला होता. आमची जागा चार हजार चौरस मीटर. म्हणजे तशा एका दिवसाचे पाणी वीस लाख लिटर, आणि त्यासाठी टाकी पन्नास हजारांची! बुजविलेल्या कोतराची सरासरी लांबी साठ, रुंदी वीस व खोली तीन मीटर धरली, तर छत्तीस लाख लिटरांची सामावणूक आणि पाण्याची वाट ही दोन्ही आम्ही मातीखाली घातली होती, व मोबदल्यात नव्वद रोपे घेऊन संतुष्ट झालो होतो.

तेव्हा ज्यांच्यापुढे असा कागद येईल त्यांस माझे सांगणे असे. उपायांच्या यादीपासून वाचन आरंभू नका. जागा आज कोणते कार्य करते ते प्रथम लिहून काढा, आणि तेच कार्य, त्याच ठिकाणी, तितक्याच प्रमाणात उपायाने होते की नाही ते पाहा. हानी टाळणे सर्वांत श्रेष्ठ, ती कमी करणे त्याखालोखाल, बिघडलेले पूर्ववत करणे त्यानंतर, आणि भरपाई सर्वांत शेवटी; ज्या अहवालात भरपाईच आधी येते तो उलट्या बाजूने लिहिलेला समजावा.

दुसरे असे, की ऋतू पाहा. मगरीची मादी उन्हाळ्याच्या सुमारास काठाच्या मातीत अंडी घालते आणि पिले पावसाच्या तोंडावर बाहेर पडतात. तेव्हा ‘पावसाळ्यापूर्वी खोदकाम उरकू’ हे आश्वासन माणसांस सोयीचे असले तरी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील त्या प्राण्यास घातक ठरू शकते. मोठ्या प्रकल्पांच्या अहवालांतसुद्धा मूळ स्थितीची मोजमापे बहुधा पावसाळा वगळून एकाच ऋतूत घेतलेली असतात. आणि पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे वीस हजार चौरस मीटरांहून लहान बांधकामास पर्यावरणविषयक पूर्वपरवानगी लागतच नाही, त्यामुळे तेथे सभासदांची तपासणी हीच बहुधा पहिली व शेवटची असते.

तिसरे, ‘करण्यात येईल’ या क्रियापदावर विश्वास ठेवू नका. कोण करील, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या रकमेतून, आणि न केल्यास काय, हे करारनाम्यात नमूद नसेल तर तो उपाय नव्हे, सदिच्छा होय.

माझ्या सहीनंतर दोनच महिन्यांनी, २५ मे २०२१ रोजी, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने विश्वामित्रीच्या प्रकरणात नदीची हद्द निश्चित करून तिच्या संरक्षणाचा कृती-आराखडा अमलात आणण्याचे निर्देश दिले. ते वाचताना मला माझा शेरा आठवला नाही. तो आठवण्यास तीन वर्षांनी पूर यावा लागला. तुम्ही सही करण्यापूर्वी शक्य तर एक पावसाळा जाऊ द्या. तेवढी सवड नसेल, तर मागील पुराची खूण ज्याच्या भिंतीवर आहे त्या शेजाऱ्यास निदान एकदा विचारा.